भाताविना चातुर्मास

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध ओतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी दवाखान्यातल्या खाटेवर उजवा पाय लांब करून बसले होते. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता सगळं विटकरी होऊन तळाशी गाळ बसला. मला रंग छान वाटला. डॉक्टरांना वाटला नसावा. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला डायबिटीस आहे."

डायबिटीस म्हणजे मधुमेह. खाल्लेल्या अन्नाची साखर अंगी लागत नाही, रक्तात साठते आणि लघवीवाटे वाहून जाते. मग तहान भागत नाही, माणूस खाऊनही वाळत जातो आणि साधी जखमसुद्धा भरत नाही. डॉक्टर एकेक लक्षण सांगत होते आणि मी मनात हो हो म्हणत होते. गेले सहा महिने मी कळशी तोंडाला लावायची तेवढी बाकी ठेवली होती. चोळ्या ढगळ झाल्या होत्या. न्हाणीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागायची. सासूबाई त्यांच्यावर हळद टाकत आणि मला विचारत, "गुळाचं पाणी सांडत्येस काय गो?"

तरी त्यासाठी कोणी सरकारी दवाखान्यात गेलं नसतं. मला तिथे नेलं ते पायाने. वैशाखात कातळावरून येताना उजव्या अंगठ्याला जांभ्या दगडाची धार लागली. आमच्या मिरजोळ्यात हे रोजचंच. हळद भरली, चिंधी बांधली, विसरले. महिना झाला तरी ती जखम मिटेना. उलट पसरत गेली, घाण वास येऊ लागला आणि ताप भरला, तेव्हा धाकट्या दिरांनी गाडीला बैल जोडले.

हे सगळं नेमकं कधी व्हावं? माझं गाठोडं बांधलेलं होतं.

माझे यजमान मुंबईला एका कापडाच्या पेढीवर कारकून होते. नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, तेव्हा इथे मी त्यांना 'हे' म्हणेन. वाचणाऱ्याने समजून घ्यावं. लग्न झालं त्या वर्षीच हे बोटीत बसले. वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. मूलबाळ झालं नाही. होणार कसं, टपालाने? असं मी थट्टेने म्हणायची आणि मग मलाच रडू यायचं. बाकीचं वर्ष हे खानावळीत जेवायचे आणि गावच्याच आठ-दहा जणांबरोबर एका गाळ्यात पथारी टाकायचे. त्या वर्षी यांना चाळीत एक खोली मिळाली. 'पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या बोटीने ये,' असं पत्र आलं. मी आमच्या शेतातला तांदूळ पोत्यात भरला, भांडी बांधली. घरी दीर-जाऊ होते, सासूबाईंची काळजी नव्हती. मी मनाने कधीच त्या खोलीत जाऊन राहिले होते. चूल कोणत्या भिंतीला मांडायची तेसुद्धा ठरलं होतं.

डॉक्टरांनी अंगठा पाहिला आणि बोटीचा विषयच काढू दिला नाही. "गँगरीनची सुरुवात दिसते," ते म्हणाले. गँगरीन म्हणजे मांस मरून काळं पडणं. "साखर उतरली तर जखम भरेल. नाही उतरली तर अंगठा जाईल, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर पाऊल काढावं लागेल. ते काम मुंबईच्या मोठ्या इस्पितळातच करायला हवं. पण आत्ता या तापात घाट नको आणि बोट तर नकोच."

मी विचारलं, औषध नाही का? ते म्हणाले, इन्शुलिन नावाची सुई निघाली आहे, मुंबईत मिळते, पण महाग आहे आणि थंड ठेवावी लागते. इथे पावसात ती आणणार कुठून आणि ठेवणार कशात? "तुमचं औषध तुमच्या ताटात आहे. भात बंद. गूळ, साखर, आंबा, केळं बंद. एका वेळेला अर्धी नाचणीची भाकरी, उकडलेली पालेभाजी, ताक."

डॉक्टर घाटावरचे, भाकरीवर वाढलेले. त्यांना ते सोपं वाटत होतं. ज्यांच्या घरी सकाळी गुरगुट्या भात, दुपारी भात, रात्री भात आणि आजारी पडलं तर पेज, त्यांना भात बंद म्हणजे जेवणच बंद. मी मान डोलावली आणि संध्याकाळी सासूबाईंनी डब्यातून आणलेला भात मुकाट्याने खाल्ला. आठ दिवस असंच चाललं. नळी आठही दिवस विटकरी.

शेवटची बोट गेली त्या दिवशी मी वॉर्डात होते. भगवती बंदराकडून तिचा भोंगा ऐकू आला. शेजारच्या खाटेवर राजिवड्याची हलीमा होती, पोटाच्या दुखण्याची. मी तोंडावर पदर घेतलेला पाहून ती म्हणाली, "तुजा घरवाला मुंबईला, माजा एडनला. तुला काय रडायला झालाय?" मला हसू आलं आणि हसता हसता मी जास्तच रडले.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ येऊन बसले. त्यांनी एकदम भलताच प्रश्न विचारला. "बाई, चातुर्मासात तुम्ही काही सोडता की नाही?"

"सोडते की. दर वर्षी वांगं."

"आणि चार महिन्यांत कधी चुकून तोंडात गेलं?"

"छे, देवाला बोललेलं असतं."

"म्हणजे माझं ऐकायचं नाही आणि देवाचं ऐकायचं," ते म्हणाले. "हरकत नाही. वांग्याने तुमचं काही वाईट केलेलं नाही. या वर्षी देवासाठी भातच सोडा."

मी रागावले. देवाला असं औषधाच्या कामाला लावायचं नसतं, असं मला वाटलं. पण रात्रभर विचार केला तेव्हा दिसलं की माझ्या अख्ख्या आयुष्यात मी जर कशाला जागले असेन तर ते नेमाला. दुसऱ्या दिवशी सकाळी हात जोडले आणि बोलले: कार्तिकी एकादशीपर्यंत भात नाही, गोड नाही. माझा पाय मला ठेव. मला त्या खोलीत चालत जायचं आहे.

सासूबाई आधी घाबरल्या. "भात सोडलंन् तर जगेल कशी पोर?" असं त्या डॉक्टरांनाच विचारायला गेल्या. मग मात्र त्यांना माझा अभिमान वाटू लागला. ताप उतरून मी घरी आले तेव्हा वाडीभर झालं होतं, "आमच्या सुनेनं भात सोडलंन्." बायका मला बघायला येत. मी कोणी साध्वी असल्यासारख्या बोलत आणि उठून आपापल्या घरी भात शिजवायला जात.

आठवड्यातून एकदा गाडीतून दवाखान्यात जायचं, व्हरांड्यातल्या बाकावर नंबर येईपर्यंत बसायचं, नळी तापवायची, ड्रेसिंग करून घ्यायचं. ड्रेसिंग म्हणजे जखम धुऊन नवी पट्टी बांधणं. लिहायला सोपं आहे. नळी विटकरीची पिवळी झाली, पिवळीची हिरवी. जखमेच्या कडेला लाल, ताजं मांस दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, अशीच राहा.

भाताची आठवण काय असते ते ज्याने सोडला त्यालाच कळेल. दुपारी जाऊबाई आधण ठेवत. तांदूळ वैरल्यावर पहिली वाफ यायची आणि मी कामाचं निमित्त काढून पडवीत जायची. वाफ पडवीतही यायची. समोर शेतात गुडघाभर पाण्यात भाताची रोपं उभी, घरात तांदळाची कणगी, गाठोड्याशेजारी मुंबईसाठी भरलेलं पोतं, आणि माझ्या पानात अर्धी भाकरी. कधी कधी वाटायचं, यांची आठवण जास्त येते की भाताची? प्रामाणिकपणे सांगते, दुपारी बारा वाजता भाताची. बाकी सगळा दिवस यांची.

श्रावण लागला आणि घोटाळा झाला.

मंगळवारी दवाखान्यात गेले तर नळी पुन्हा विटकरी. पुढच्या मंगळवारीही तेच. जखमेतून पुन्हा पाणी सुटलं होतं, वास येत होता. तिसऱ्या खेपेला त्यांनी अंगठा दाबून पाहिला आणि मला दाबलेलं कळलंच नाही. त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाले, "बाई, तुम्ही चोरून भात खाता आहात. आता नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू होतील. मी मुंबईला चिठ्ठी देतो. अंगठा काढून घ्या, पाऊल वाचलं तर नशीब."

मला इतकं लागलं की पायाचं विसरले. "देवाशपथ सांगते, एक शीत तोंडात घातलं नाही," मी म्हटलं. "काल तर काहीच खाल्लं नाही. सोमवारचा उपास होता."

"काहीच नाही?"

"काही नाही. उपासच होता म्हटलं ना."

डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, "उपासाला काय काय खाल्लंत?"

मी सांगितलं. सकाळी उकडलेली दोन रताळी आणि दूध. दुपारी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. मधे एक केळं, उपासाचं म्हणून. सासूबाईंनी मुद्दाम दुकानातून साबुदाणा आणवला होता, त्याची संध्याकाळी खिचडी. सोमवार झाला, शनिवार झाला, एकादशी झाली, गोकुळअष्टमी यायची होती. सून भात सोडून बसली आहे, तिला उपासाला तरी पोटभर मिळावं म्हणून सासूबाई चुलीपुढून हलत नसत.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. घाटावरचे असले तरी त्यांच्याही घरी उपास होतेच. "एकादशी, दुप्पट खाशी," ते म्हणाले. "अहो, रताळं काय, साबुदाणा काय, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. भातापेक्षा कमी नाही. तुमच्या उपासाने तुमचा पाय खाल्ला."

हे वाचून कोणी हसेल. हसावं. पण आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, उपासाच्या दिवशी काय खाल्लं? ती म्हणेल, काही नाही. उपासाचं खाणं हे खाणं नसतंच मुळी. मी खोटं बोलत नव्हते, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई खाली बसल्या. "म्हणजे मीच गो तुला विष घातलंय हाताने?" मी म्हटलं, असं नका बोलू. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, फराळही केला नाही.

उपास सोडायला मी तयार नव्हते. नुसत्या पाण्यावर राहायला डॉक्टर तयार नव्हते. तोडगा काढला तो सासूबाईंनीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी परसातलं तवसं आणलं, म्हणजे आमच्याकडची पावसाळी मोठी काकडी, आणि ताकाची लोटी माझ्यापुढे ठेवली. "हेही उपासाला चालतं," त्या म्हणाल्या. "तवसं खायचंस, ताक प्यायचंस, वर मूठभर दाणे. देवाला रताळंच हवं असं कुठे लिहून ठेवलंन् आहे?" आणि पुढच्या प्रत्येक सोमवारी त्या स्वतः माझ्यासमोर बसून तेच खायच्या. सत्तरीला आलेली बाई, रताळ्यावर जीव टाकणारी. मी कितीदा म्हटलं तुम्ही खा. ऐकतील तर शपथ.

मुंबईची चिठ्ठी मी घेतली, पण डॉक्टरांकडे आणखी थोडे दिवस मागितले. ते म्हणाले, गणपतीपर्यंत. जखम वर सरकली तर एक दिवसही नाही.

बोटी सुरू झाल्या. गावचे सगळे चाकरमानी गणपतीला आले. हे आले नाहीत. पत्र आलं की रजा एकदाच मिळणार आहे; पाय कापायचं ठरलं तर तेव्हा जवळ असायला हवं, म्हणून ती राखून ठेवतो आहे. घरोघर आरत्या चालल्या होत्या, माणसांनी घरं भरली होती, आणि मी ओटीवर पाय उशीवर ठेवून बसले होते. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की हे आता कधीच न आले तरी चालेल. ते येणं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

नैवेद्याच्या मोदकाला मी हात लावला नाही. गौरीच्या जेवणाला लावला नाही. नळी हिरवी झाली, मग एका मंगळवारी निळी ती निळीच राहिली. डॉक्टरांनी ती खिडकीकडे धरून मला दाखवली. इतका सुंदर रंग मी पुन्हा पाहिला नाही. अंगठ्याचं टोक मेलेलं होतं ते गळून पडलं, पण त्यामागे जखम भरत गेली. दिवाळीला खपली होती. खपलीखाली दाबलं तर दुखत होतं, आणि दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर हसले.

कार्तिकी एकादशीच्या दोन दिवस आधी मी त्यांना शेवटची भेटायला गेले. म्हटलं, नेम परवा सुटतो. उद्यापन करायचं, सोडलेली वस्तू दान द्यायची आणि मग खायची, अशी रीत आहे. नवा भात घरात आला आहे. खाऊ ना?

डॉक्टर म्हणाले, "तुमचा देव परवा उठतोय बाई. तुमचा मधुमेह आत्ताच कुठे झोपलाय. त्याला उठवू नका."

"किती दिवस?"

"जन्मभर."

व्हरांड्यात येऊन मी बाकावर बसले. चार महिने मी एकेक दिवस ढकलला होता तो कार्तिकाकडे बघत. आणि आता कार्तिकच नाही म्हणतात. ज्यांना हा रोग आहे त्यांना मी एवढंच सांगेन की जन्मभर हा शब्द मनावर घेऊ नका. मी तो घेतला असता तर चौथ्या दिवशी भाताच्या हंडीत हात घातला असता. मी द्वादशीला उद्यापन केलं, नवा तांदूळ दान दिला आणि तिथेच पुन्हा बोलले: आषाढीपर्यंत. आषाढी आली की कार्तिकीपर्यंत म्हणायचं. आज किती वर्षं झाली, माझा नेम चार-आठ महिन्यांपलीकडे कधी गेलेला नाही. एवढं कोणालाही जमतं.

मग मी मुंबईला निघाले. बंदरावर सासूबाई आल्या होत्या. होडीत चढताना दिरांनी हात पुढे केला, तो मी धरला नाही. सासूबाई काठावरून ओरडल्या, "खाण्याचं सांभाळ गो, उपासाचं जास्त." होडीतल्या परक्या माणसांना काय कळलं असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या धक्क्यावर बोट लागली. गर्दीत हे उभे होते, वाळलेले, टोपी हातात घेतलेली. मी फळीवरून उतरू लागले. यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहत होते, आधी एका, मग दुसऱ्या. मी पूर्ण खाली येऊन समोर उभी राहिले तरी नजर वर येईना. मी म्हटलं, "दोन्ही आहेत. मोजून झाले असतील तर चला."

खोली लहान होती. चूल मी ठरवली होती त्या भिंतीला नव्हती. चुलीजवळ पितळेचं झाकलेलं भांडं होतं, आणि यांनी ते उघडलं तेव्हा वाफ वर आली. यांनी माझ्यासाठी भात शिजवला होता. चुलीपुढे कधी न बसलेला माणूस. शेजारच्या बाईला विचारून, पहाटे उठून, आंबेमोहोर आणून. "तुझा नेम सुटला ना आता," हे म्हणाले. "म्हटलं, पहिला घास माझ्या हातचा."

देवापुढे मी चार महिने टिकले होते. त्या भांड्यापुढे टिकणं फार कठीण गेलं. इतक्या वर्षांत मला हवं होतं ते सगळं त्या एका खोलीत, एका पानात होतं. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, एक घास खाल्ला तर काय होईल? मग मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं. की एक नेम सुटला आणि मी लगेच दुसरा धरला, मला सुटका नाही. की हा रोग जायचा नाही, नुसता निजवून ठेवायचा आहे. यांच्या हातचा हा भात मी आज खाणार नाही आणि उद्याही खाणार नाही.

यांनी भांड्यावर पुन्हा झाकण ठेवलं. मग ते उचललं आणि शेजारच्या बिऱ्हाडी देऊन आले. परत येऊन चुलीपुढे बसले आणि म्हणाले, "भाकरी कशी करतात?"

मी गाठोड्यातून नाचणीचं पीठ काढलं. पाणी किती, मळायचं कसं, थापायचं कसं ते पाटावर बसून सांगितलं. पहिली मोडली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी एका बाजूला जाड, एका बाजूला करपलेली झाली, पण अखंड उतरली. मला एका वेळेला अर्धीच चालायची. यांनी ती मधोमध मोडली आणि जास्त भाजलेला अर्धा भाग स्वतःकडे ठेवला.